चुलीमागची भिंत

फार जुनी गोष्ट. एका घरात चुलीमागे एक भिंत होती. फोडणीच्या धुराने तिच्यावर तेलकट काजळी चढे. दर दिवाळीला कुंचा त्या काजळीवरच चुना फासे आणि होळीच्या आत पोपडे सुटून आमटीत पडत. शेवटी घरधनीण द्वारका वैतागली. "यंदा पोपडे पडले, तर भिंतच पाडते!"

भिंत हादरली. "कुंचेआजोबा, वाचवा!"

"घाबरू नकोस गं. यंदा चुन्याचे दोन हात जास्त देतो."

मोरीतल्या नारळाच्या शेंडीला राहवेना. "आजोबा, तेलावर चुना धरेल कसा? आधी काजळी काढा."

"कालची पोर तू! आमच्या वेळेपासून असंच चालत आलंय."

"पोपडेही तेव्हापासूनच पडताहेत."

एवढं बोलून शेंडी कामाला लागली. तिने आधी सुकी काजळी झटकली, मग राख आणि कढत पाणी घेऊन भिंत घासली. काळे ओघळ जमिनीपर्यंत आले.

"पाहा, होती ती भिंतही घालवली!" कुंचा ओरडला.

शेंडी घासतच राहिली. भिंत वाळल्यावर कुंच्याने कुरकुरत चुन्याचा एकच हात दिला. होळी गेली, पावसाळा गेला, पण एक पोपडा पडला नाही. "याला म्हणतात मुरलेला हात!" कुंचा सगळ्यांना सांगत सुटला.

पुढच्या दिवाळीला तो ऐटीत चुन्यात बुडून आला.

"थांबा, आजोबा," भिंत म्हणाली. "आधी शेंडीला बोलवा."