सोळा आवर्तनं

"आता आणखी काय भरू त्यात, बुवा?"

विद्याधर पोंक्षे मिरजेत सदोबा गुरवांसमोर बसला होता. बारा वर्षं तो बुवांकडे पखवाज शिकला होता. पुढे संगीतकार म्हणून त्याचं नाव झालं, आणि येणं कमी झालं.

बुद्धिबळाच्या डावावर एक नृत्यनाट्य बसत होतं. राजा, वजीर, घोडे, प्यादी, सगळे नाचणारे. संगीत विद्याधरचं. प्रयोग आठ दिवसांवर आला होता आणि वजीर नाचणारी मुक्ता सबनीस तालमीत दोनदा कोसळली होती. तुमच्या संगीतात पाय टेकायला जागा नाही, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

विद्याधरला वाटत होतं, शेवटचा प्रवेशच कमजोर आहे. त्यात त्यानं आणखी तीन ढोल घातले होते.

बुवांनी त्याची संगीताची वही उघडली नाही. त्यांनी बुद्धिबळाचा पट मांडला.

दहाबारा खेळ्या झाल्या आणि बुवा थांबले. पटाकडे पाहत राहिले. चहा आला, निवला...

विद्याधर चुळबुळ करू लागला. घोडा काढा, दुसरा मार्ग नाही, असं त्यानं सुचवलं. बुवांनी घोड्याला हात लावला नाही. शेवटी त्यानं हात लांब करून बुवांचा घोडा स्वतःच पुढे ठेवला.

बुवांनी सगळा पट त्याच्याकडे सरकवला आणि उठून तुळशीला पाणी घालायला गेले.

"बुवा... डाव अर्धा राहिला."

"दोन्हीकडून तूच खेळतोयस. माझं काय काम?"

विद्याधरनं वही ओढली, शेवटचा प्रवेश काढला आणि सोळा आवर्तनांवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी तालमीत त्या जागी वाद्यं थांबली. वादकांनी एकमेकांकडे पाहिलं. मुक्ता मधोमध उभी होती. एक श्वास... दुसरा... विद्याधरनं टेबलाची कड घट्ट धरली.

मग तिचं पाऊल पडलं.

तिथून ती शेवटपर्यंत नाचली. संपल्यावर कोसळली नाही, रंगमंचाच्या काठावर पाय सोडून बसली आणि हसत सुटली. विद्याधर खुर्चीत टेकला. कित्येक आठवड्यांनी त्याला कडकडून भूक लागली होती.

प्रयोगानंतर तो पुन्हा मिरजेला आला. लोकांनी नेमकी तीच जागा वाखाणली, असं त्यानं सांगितलं. सांगताना तो थोडा ओशाळला होता, पण चेहरा मोकळा होता.

"तिथं मी एक अक्षर लिहिलं नाही, बुवा. मग ती चाल कुणाची म्हणायची?"

बुवा आवाज जमवायला पखवाजाला कणीक लावत होते. हात न थांबवता म्हणाले,

"जिची वाट पाहिलीस, तिची."