इवलीचा फुटाणा बादलीत

एक होतं घर. घराला होती मोरी. मोरीच्या भिंतीला होतं भोक. भोकात राहायची चिचुंद्री. तिची दोन पिल्लं. मोठा हुंग्या आणि धाकटी इवली.

हुंग्या सगळं हुंगायचा. हुं हुं हुं. पान दिसलं, हुंग. चिंधी दिसली, हुंग. हुंगल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही.

इवली काहीच हुंगायची नाही. दिसलं की धावायची.

एकदा आई निघाली खाऊ शोधायला. जाताना म्हणाली, "हुंग्या, इवली तुझ्यावर सोपवली बरं का."

"हो आई."

"इवले, दादाचं शेपूट सोडायचं नाही."

चिचुंद्रीची पिल्लं अशीच चालतात. पुढच्याचं शेपूट, मागच्याच्या तोंडात.

आई गेली. इवलीला सापडला एक फुटाणा. गोल गोल. खमंग खमंग. बादलीला टेकून उभा होता एक पाट. इवली फुटाणा घेऊन पाटावर चढली. चढली, चढली, वर पोचली. फुटाणा सुटला.

टुणुक... टुणुक... डुबुक!

गेला बादलीत.

"माझा फुटाणा!" इवली म्हणाली. आणि निघाली उडी मारायला.

हुंग्यानं तिला मागं ओढलं. "थांब!"

हुं हुं हुं.

पाणी होतं गप्प. पण पाण्यात होती कांडी. पाणी तापवायची कांडी. कांडीची वायर गेली होती भिंतीकडं. कांडी करत होती, गुंऽऽ गुंऽऽ.

"मला येते शंका," हुंग्या म्हणाला. "ह्या पाण्याला हात लावायचा नाही."

मोरीच्या कोपऱ्यात बसले होते बेडूकराव. ते म्हणाले, "डराव! मार उडी! काही होत नाही. मी तर रोज पाण्यात असतो."

"ह्या पाण्यात?" हुंग्यानं विचारलं.

"पाणी ते पाणी! आला मोठा शंक्या!"

इवली लागली रडायला. "दादा, माझा एकच फुटाणा होता."

"आपण कुणाला तरी सांगू," हुंग्या म्हणाला. "धर शेपूट. आहेस?"

"हं," इवली म्हणाली. शेपूट तोंडात होतं ना. म्हणून नुसतं हं.

तुरु तुरु तुरु. मागं बेडूकराव, टुणुक टुणुक.

गेले तांब्याकडं.

"तांब्यादादा, तांब्यादादा, पाण्यात बुड.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," तांब्या म्हणाला. "मला येते शंका. मी पितळेचा. पाण्यात कांडी आहे. आधी कांडीला उठू दे."

"काही होत नाही," बेडूकराव म्हणाले.

"धर शेपूट. आहेस?"

"हं."

तुरु तुरु तुरु. गेले कांडीकडं. जवळ नाही हं! लांब उभे राहिले.

"कांडीताई, कांडीताई, पाण्यातून ऊठ.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," कांडी म्हणाली. "मला येते शंका. माझ्या अंगात वीज आहे. वीज दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच भ्यायचं. मला कुणी हात लावायचा नाही. आधी माझ्या वायरीची पिन निघू दे."

"काही होत नाही," बेडूकराव म्हणाले. "दिसत नाही म्हणजे नाहीच!"

"धर शेपूट. आहेस?"

"हं."

तुरु तुरु तुरु. गेले भिंतीपाशी. वर होती पिन.

"पिनाबाई, पिनाबाई, भिंतीतून नीघ.
पिन निघाली की कांडी उठेल.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," पिन म्हणाली. "मला येते शंका. बटण चालू आहे. चालू बटणात मला कुणी ओढायचं नाही. तड् तड् ठिणगी उडते. आधी बटण बंद होऊ दे."

"काही होत नाही," बेडूकराव म्हणाले.

"धर शेपूट. आहेस?"

"हं."

बटण शेजारीच होतं. लाल डोळा लावून बसलं होतं.

"बटणभाऊ, बटणभाऊ, बंद हो.
बटण बंद झालं की पिन निघेल.
पिन निघाली की कांडी उठेल.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," बटण म्हणालं. "मला येते शंका. तुझे पाय बघ. मोरीतले ओले पाय. मला लागतं कोरडं बोट. मोठ्या माणसाचं. कांडी लावली अनसामावशीनं, तिलाच बोलाव."

"हा म्हणतो तिला सांग, ती म्हणते त्याला सांग," बेडूकराव म्हणाले. "इवले, तुझा फुटाणा भिजून भिजून आंबील होईल! एक उडी मारायची. काही होत नाही!"

इवलीनं मागं वळून बादलीकडं बघितलं.

"इवले! धर शेपूट. आहेस?"

"...हं."

तुरु तुरु तुरु. गेले अंगणात. अनसामावशी भांडी घासत होती. खसा खसा. खसा खसा.

"मावशी, मावशी, हात पूस.
मावशीनं हात पुसले की बटण बंद होईल.
बटण बंद झालं की पिन निघेल.
पिन निघाली की कांडी उठेल.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"अगं बाई! कांडी!" मावशी म्हणाली. "विसरलेच की मी!" ती उठली. दोन पावलं गेली. मग थांबली. हात बघितले. थेंब थेंब गळत होते.

"नाही रे बाबा. मला येते शंका. हात ओले, पदर ओला. ओल्या हातानं बटण दाबू? पंचा हवा. पण पंचा दोरीवर. दोरी बांधली आमच्या ह्यांनी. ते ताडमाड उंच. मी ही एवढी! तू सांग पंच्याला, उतर म्हणावं."

"अहो मावशी, काही होत नाही," बेडूकराव म्हणाले.

"तू गप रे!" मावशी म्हणाली. "डोळे बघा कसे बटाट्यासारखे. आणि अक्कल मोहरीएवढी."

इवली फिसकन हसली. हसली आणि शेपूट सुटलं.

"धर, धर शेपूट! आहेस?"

"हं."

तुरु तुरु तुरु. गेले दोरीखाली. वर पंचा, फड फड फड.

"पंचाकाका, पंचाकाका, खाली उतर.
पंचा उतरला की मावशी हात पुसेल.
मावशीनं हात पुसले की बटण बंद होईल.
बटण बंद झालं की पिन निघेल.
पिन निघाली की कांडी उठेल.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," पंचा म्हणाला. "मला येते शंका. मला चिमट्यानं धरलंय. ओढून निघालो तर टर्र फाटेन. आधी चिमट्याला सुटू दे."

"काही होत नाही," बेडूकराव म्हणाले. पण हळूच म्हणाले. इवलीच्या कानात म्हणाले.

"धर शेपूट. आहेस?"

"हं."

"चिमटेमामा, चिमटेमामा, तोंड उघड.
चिमटा सुटला की पंचा उतरेल.
पंचा उतरला की मावशी हात पुसेल.
मावशीनं हात पुसले की बटण बंद होईल.
बटण बंद झालं की पिन निघेल.
पिन निघाली की कांडी उठेल.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," चिमटा दातांतूनच बोलला. "मला येते शंका. कोपऱ्यात बघ. पाचोळा पेटलाय. आणि वारा बघ कसा सुटलाय. मी पंचा सोडला की वारा नेईल, पाचोळ्यात टाकेल. भक्कन पेटेल! आधी वाऱ्याला थांबू दे."

हुंग्या धावला वाऱ्याकडं. घाईत धावला. तुरु तुरु तुरु.

घाईत हुंग्यानं विचारलंच नाही. काय विचारलं नाही? "आहेस?" असं विचारलं नाही.

हुंग्या अंगणाच्या मधोमध उभा राहिला. मिशा उडत होत्या. डोळ्यांत धूळ जात होती. तो ओरडून म्हणाला,

"वारेबुवा, वारेबुवा, जरा थांबा.
वारा थांबला की चिमटा सुटेल.
चिमटा सुटला की पंचा उतरेल.
पंचा उतरला की मावशी हात पुसेल.
मावशीनं हात पुसले की बटण बंद होईल.
बटण बंद झालं की पिन निघेल.
पिन निघाली की कांडी उठेल.
कांडी उठली की तांब्या बुडेल.
तांब्या बुडाला की फुटाणा येईल.
फुटाणा आला की इवली हसेल."

"नाही रे बाबा," वारा म्हणाला. सूं सूं सूं. "मला येते शंका. बोटाएवढा तू, आणि मला थांब म्हणतोस? एका फुटाण्यासाठी? तुझाच काहीतरी डाव असेल."

"डाव नाही हो! माझी बहीण आहे. ही काय, माझ्या मागं आहे. बघा."

वाऱ्यानं बघितलं.

"कुठं?" वारा म्हणाला. "तुझ्या मागं तर कुणीच नाही."

हुंग्यानं शेपूट हलवलं. शेपूट हलकं होतं.

इवली नव्हती. बेडूकरावही नव्हते.

"इवलीऽऽऽ!"

हुंग्या असा ओरडला, असा ओरडला, की वाऱ्याचा श्वासच अडकला. वारा थांबला. पान हलेना. धूर सरळ वर गेला.

हुंग्या पळत सुटला. हुंगलं नाही. बघितलं नाही. नुसता पळाला. अंगणातून मोरीत. मोरीतून पाटावर.

इवली पाटाच्या टोकावर होती. पुढचे पाय हवेत. नाक पाण्यावर. कांडी करत होती, गुंऽऽ गुंऽऽ.

"डराव! काही होत नाही!" बेडूकराव खालून मोजत होते. "एक... दोन..."

कच्!

हुंग्यानं इवलीचं शेपूट दातांत धरलं.

"सोड दादा! सोड ना! माझा फुटाणा!"

हुंग्याला बोलता येईना. तोंडात शेपूट होतं. "हुं हुं! हुं हुं!" नखं पाटात रोवली. पाट सरकला. सर्र. हुंग्यानं सोडलं नाही. इवलीनं ओरबाडलं. हुंग्यानं सोडलं नाही.

आणि बाहेर काय झालं?

वारा थांबला, म्हणून चिमटा सुटला. टक्!
चिमटा सुटला, म्हणून पंचा उतरला. सळ्ळ! मावशीच्या खांद्यावर.
पंचा उतरला, म्हणून मावशीनं हात पुसले. पुस पुस पुस. मोरीत आली. पायांत चपला होत्या.
मावशीनं हात पुसले, म्हणून बटण बंद झालं. खट्!
बटण बंद झालं, म्हणून पिन निघाली. फट्!
पिन निघाली, म्हणून कांडी उठली. आता गुंऽऽ नाही, काही नाही. गार होईपर्यंत मावशीनं तिला खुंटीवर टांगलं, उंच.
कांडी उठली, म्हणून तांब्या बुडाला. बुडुक बुडुक!
तांब्या बुडाला, म्हणून फुटाणा आला. टम्म फुगून आला.

आणि इवली?

इवली हसली नाही. ती पाण्याकडं बघत होती. पाण्यातून वाफ येत होती. आधी पाणी गप्प होतं, तेव्हा तिला वाफ दिसलीच नव्हती.

"काय बेडूकराव," तांब्या म्हणाला, "मारा आता उडी. पाणी ते पाणी!"

बेडूकरावांनी वाफ बघितली. गळा फुगवला. गळा बसवला.

"आज नको," ते म्हणाले. "आज मला सर्दी आहे."

आता हसली इवली. मावशीपण हसली. मग मावशीनं हसू आवरलं. ती म्हणाली, "चूक माझीच. कांडी लावली आणि दार उघडं टाकून गेले. म्हटलं, दोन मिनिटांत काय होतंय." तिनं दोघांना पंच्यात गुंडाळलं. कोरड्या जागी ठेवलं. बादली उचलली. मोरीचं दार लावलं, कडी घातली.

इवलीनं फुटाण्याला तोंड लावलं.

"थांब!" हुंग्या म्हणाला. हुं हुं हुं.

"अजून शंका?"

"गरम आहे. फुंकर मार आधी."

फू फू फू. फू फू फू. फुटाणा झाला गार. अर्धा इवलीनं खाल्ला. अर्धा हुंग्यानं खाल्ला नाही. तोही इवलीलाच दिला.

खाऊन झालं. इवलीनं आपलं शेपूट पुढं घेतलं. बघितलं. त्यावर दातांच्या दोन खुणा होत्या.

"दादा, तू मला चावलास."

"हो."

"दुखतंय."

"दुखणारच."

इवलीनं शेपूट चाटलं. मग म्हणाली, "मी पुन्हा तशी गेले, तर पुन्हा चावशील?"

"शंभरदा," हुंग्या म्हणाला.

फुटाणा गेला पोटात, कांडी गेली खुंटीवर, गोष्ट आली तुमच्या घरी, ठेवा तिला दारावर.