सावरीवरचं उंबर

सह्याद्रीत माणसांपेक्षा झाडं जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. धनेश पक्ष्याच्या बायकोने रीतीप्रमाणे बेहड्याच्या ढोलीत अंडी घातली आणि आतून दार चिखलाने लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली. पिल्लं मोठी होईपर्यंत सगळ्यांना भरवायचं काम आता नवऱ्याचं.

पहिलं उंबर नेताना धनेश वाटेतल्या सावरीवर जरा टेकला. तिथल्या साळुंक्या ओरडल्या, "अगंबाई, बायकोसाठी नेताय? नवरा असावा तर असा!"

धनेशाला गुदगुल्या झाल्या. मग तो रोज मुद्दाम तिथे थांबू लागला. उंबर कधी डावीकडून दाखवायचा, कधी उजवीकडून. बुलबुल जमले, पोपट जमले, अख्खं रान वाहवा करू लागलं. तोवर उंबर उन्हाने सुकायचं. सुकलेलं कसलं न्यायचं, म्हणून तो स्वतःच गिळायचा आणि दाखवायला नवं आणायचा.

संध्याकाळी तो रिकाम्या चोचीने घरी गेला की फटीतून क्षीण आवाज यायचा, "अहो, यंदा उंबरं पिकलीच नाहीत का?"

"आत बसून तुला काय कळणार? सगळं रान तुझा हेवा करतंय!"

शेवटी एका सकाळी बायकोने लिंपण फोडलं. हाडांचा सापळा झालेली ती कशीबशी उडाली आणि उंबर घेऊन सावरीवरून तडक पिल्लांकडे निघाली.

"कोण हो ही?" साळुंक्यांनी विचारलं. "किती शिष्ट! थांबलीसुद्धा नाही."

धनेशाने उंबर पायाखाली धरून वर पाहिलं.

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "आमची नशीबवान. घरात बसून आयतं खाते."