सायलेन्सरमधलं पाणी

गाडीचे भाग आपसांत बोलायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. दौलत वारला आणि त्याची गाडी अंगणातच राहिली. धाकटा भाऊ रोज सकाळी दोन मिनिटं इंजिन चालू करायचा, दादाच्या गाडीचा आवाज ऐकायचा आणि चावी काढायचा.

तेवढ्यात धुरातली वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचायची.

"हल की इथून! माझा पत्रा गंजला," सायलेन्सर ओरडायचा.

"मला काय हौस आहे?" पाणी म्हणायचं. "दौलत गाडी घाटावर चढवायचा तेव्हा तू तापायचास, माझी वाफ व्हायची. हा तुला नुसता कोमट करतो."

"त्याला वाटतं, तो मला जपतोय."

वर्षभरानं सायलेन्सरला भोक पडलं. आवाज फाटला. दादाचा तेवढाच आवाज उरला होता. धाकटा गाडीशेजारी बसून रडायला लागला.

आई म्हणाली, "रडतोस काय? दौलतनं कधी अशी दारात ठेवली होती का तिला? काढ बाहेर!"

तो तसाच उठला. फाटक्या आवाजात गाडी घाट चढली. माथ्यावर सायलेन्सर चांगलाच तापला.

"निघू का?" पाण्यानं विचारलं.

"नीघ," सायलेन्सर म्हणाला. "वर दौलत भेटला तर सांग, गाडी घाटावर आली होती."