भेगेने धरला अक्रोड

बर्फाच्या डोंगरात एक रस्ता. काळा काळा, डांबराचा.
थंडी अशी, की नाकाचा शेंडा लाल!

रस्त्यावरून निघाली पिटुकली उंदरी.
पुढे अक्रोड, मागे उंदरी. ढकल ढकल, गडगड गडगड.
बिळात पिल्लं भुकेली. चूं चूं चूं!

रस्त्याला होती भेग. अक्रोड गेला आत... टुप्प!

"भेगे भेगे, अक्रोड दे!"
"कशी देऊ? पाणी शिरलं, बर्फ झाला, दातखीळ बसली माझी! आंगमोताई झाडेल, तर सोडीन."

उंदरी धावली. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.
रस्त्यावर आंगमोताई. हातात झाडू.
"ताई ताई, भेग झाड!
भेग सोडेना,
अक्रोड मिळेना,
पिल्लं माझी थांबेनात!"
"बर्फ का झाडूने निघतो, वेडाबाई? रिगझिनकाका शेकेल, तर झाडीन."

तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.
रिगझिनकाका बसला पिंपापाशी. पिंपात डांबर. गोठून दगड!
"काका काका, भेग शेक!
ताई झाडेना,
भेग सोडेना,
अक्रोड मिळेना,
पिल्लं माझी थांबेनात!"
"कशाने शेकू? कपाळाने? शेगडी थंडगार! याक गोवऱ्या आणेल, तर शेकीन."

तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.
लांब केसांचा याक. बसलाय आपला फतकल मारून.
"याकदादा, याकदादा, गोवऱ्या आण!
काका शेकेना,
ताई झाडेना,
भेग सोडेना,
अक्रोड मिळेना,
पिल्लं माझी थांबेनात!"
"हूंऽऽ! रिकाम्या पोटी ओझं? मी नाही उठत. डोल्माआजी गवत देईल, तर आणीन."

तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.
भेगेच्या पलीकडे डोल्माआजी. हातगाडीवर गवतच गवत.
"आजी आजी, गवत दे!
याक उठेना,
काका शेकेना,
ताई झाडेना,
भेग सोडेना,
अक्रोड मिळेना,
पिल्लं माझी थांबेनात!"
"देईन की गं! पण गाडी येईना. चाक भेगेत अडतं. भेग बुजेल, तर देईन."

भेग? पुन्हा भेगच?
उंदरीने शेपटी आपटली. फट्!
मोठ्यांचं हे असंच बघा. हा म्हणतो तो, तो म्हणतो ती!

"आजी, गाडी अडते. मी नाही अडत! दे काडी!"
"जीव केवढा, तोरा केवढा!" आजी हसली. दिली काडी.
उंदरी भेगेवरून टुण्णकन!
काडी नेली, परत आली. काडी नेली, परत आली.
धाप लागली, हॅफ हॅफ. थांबली? छे!

याकाने खाल्लं. याक उठला. गोवऱ्या आल्या.
जाळ पेटला, धडधड. डांबर उकळलं, बदबद.
काकाने डाव भरला आणि निघाला.
"सरका सरका, डांबर आलं!"

उंदरी बसली भेगेवरच!
"आत माझा अक्रोड आहे! आधी शेक! मग झाड! मग ओत!"
"अगं, डांबर थिजेल!"
"थिजू दे!"
आंगमोताईने कमरेवर हात ठेवले. "खरं बोलतेय ती. गेल्या साली ओल्यावर ओतलंत. आलं ना सगळं उपटून?"
काकाने डाव परत पिंपात ओतला.

निखारे आले. भेग शेकली.
बर्फ वितळला, टिप टिप.
ताईने झाडलं, खर्र खर्र.
भेग सुटली. अक्रोड बाहेर, टुण्ण!
भेग वाळली, कोरडी ठणठणीत.
मग ओतलं डांबर, चर्रर्र. वर वाळू, भुर्र भुर्र.

आजीची गाडी निघाली. अडली नाही, खडखडली नाही.
गवतावर उंदरी, उंदरीपाशी अक्रोड. थेट बिळाच्या दारात!
कट्ट! फुटला अक्रोड.
चूं चूं थांबलं.
कुटुर कुटुर, कुटुर कुटुर.

भेग बुजली, भूक भागली,
गोष्ट आमची बिळात गेली!