आधी आपण ठेवा!

“आजपासून एकाचाही रिचार्ज राजवाडा भरणार नाही!” करंजगडच्या राजेसाहेबांनी हुकूम सोडला. “कामाचा प्रत्येक फोन आपल्या घरच्या फोनवरून! महिन्याचं भाडं ठरलेलं, बोला कितीही. मग चाळीस नोकरांच्या चाळीस मोबाइलांत पैसे कशाला घालायचे?”

राजेसाहेबांचं राज्य जाऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. उरला होता एक गोठा, एक आमराई आणि राजवाडा, तोही निम्मा लग्नकार्यांना भाड्यानं दिलेला. हुकूम मात्र अजून संस्थानाच्या मापाचे निघत.

फोन एक, माणसं चाळीस! गोठ्यावरच्या गड्याला डॉक्टर हवा असो की माळ्याला गाडी, त्यानं राजवाड्याला मिस कॉल द्यायचा आणि पुढचा निरोप राजवाड्यानं पोचवायचा. पोचवणार कोण? कौसाबाई! राजवाड्याचे फोन घ्यायच्या कामावर ती वीस वर्षं होती. गॅरेजमागच्या खोलीत लेकीला घेऊन राहायची.

“अट एवढीच,” राजेसाहेब म्हणाले. “आम्ही रिसीव्हर उचलू तेव्हा लाइन मोकळी मिळाली पाहिजे. आणि एकही निरोप अडकता कामा नये. अडकला, की खोली रिकामी!”

दिवाणजींनी घाईघाईनं मान डोलावली. त्यांना ती खोली मेहुण्याच्या मोटारसायकलसाठी हवी होती. कौसाबाईच्या लेकीची दहावी तोंडावर, आणि बिऱ्हाड न्यायचं कुठं?

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं सगळ्या गड्यांना गोळा केलं.

“हे बघा, मी फोन उचलणारच न्हाई. एक घंटी वाजली तर दूध निघालं. दोन वाजल्या तर गाडी पाठवा. तीन वाजल्या तर गुरांचा डॉक्टर. पुढचा निरोप मी धाडीन.”

“आणि चार?” गोठ्यावरच्या रंगनाथनं विचारलं.

“चार मी तुम्हाला दिल्या तर समजायचं, दिवाणजींना झोप लागली. चहाला या!”

आठ दिवस राजवाड्यात फोन नुसता वाजत होता, बोलत कुणीच नव्हतं. राजेसाहेब मधूनच रिसीव्हर उचलून बघत. लाइन मोकळी! आपल्या अकलेचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. त्यांनी फोन लावला तो थेट बोरगडच्या राजेसाहेबांना. राज्य त्यांचंही गेलं होतं, पण त्यांच्याकडे पेट्रोल पंप होता आणि तो आमच्या राजेसाहेबांना फार खुपायचा.

सकाळी दहाला फोन लागला. साडेदहाला बढाया संपल्या.

“बरं, ठेवा आता,” करंजगड म्हणाले.

“छे छे! आधी आपण ठेवा,” बोरगड म्हणाले.

“आम्ही कसा ठेवणार? आपण ठेवा!”

फोन आधी ठेवील तो धाकटा, असा कायदा दोघांनीही मनातल्या मनात केला होता. त्यात बोलणं फुकट, मग घाई कुणाला? अकरा वाजले, बारा वाजले. राजेसाहेबांनी रिसीव्हर खांद्याशी धरून पोळीभाजी खाल्ली. पलीकडूनही चावल्याचा आवाज येत होता.

एवढ्यात रंगनाथ धापा टाकत आला. “कौसाबाई, गाय अडलीय! कवापासनं तीन घंट्या देतोय, पण लाइन एंगेज! डॉक्टरला लावावा तर मोबाइलात मिस कॉलपुरतीच दमडी हाय.”

“निरोप अडकला!” दिवाणजींना आनंद लपवता येईना. “सरकार, अट मोडली! आजच खोली रिकामी!”

“अडकवला कुणी?” कौसाबाईनं विचारलं.

सगळ्यांनी आधी राजेसाहेबांकडे पाहिलं, मग आपापल्या पायांकडे. राजाला ‘फोन ठेवा’ म्हणायचं कुणी?

राजेसाहेबांनी रिसीव्हरवर हात दाबला. “कौसे, आम्ही आधी ठेवला तर सात पिढ्यांचं नाक कापलं जाईल! आमची मान खाली न जाता लाइन मोकळी कर. नाही जमलं तर दिवाणजी म्हणतात तसं!”

कौसाबाईनं पदर खोचला आणि रिसीव्हर हातात घेतला.

“मुजरा सरकार! मी करंजगडची कौसा. आपलं चालू द्या निवांत. आमचे सरकार आत्ताच म्हणाले, बोलू दे बिचाऱ्यांना, बिल आपण भरतोय!”

पलीकडून बोरगड गरजले,

“बिचाऱ्यांना? आम्हाला?”

धाडकन! लाइन मोकळी!

“ठेवला!” राजेसाहेब खुर्चीतून उठून ओरडले. “त्यानं आधी ठेवला! धाकटा! धाकटा!”

तोवर कौसाबाईनं डॉक्टरांना फोन लावला होता. डॉक्टर निघाल्याचं कळलं, तसा रंगनाथ गोठ्याकडे पळाला. राजेसाहेबांचं नाचणं मात्र अजून चालूच होतं.

“शाब्बास, कौसे! आता ठेव तो फोन!”

“जी सरकार.” तिनं वायर उपसली, अख्खा फोन काखेत मारला आणि दाराकडे निघाली.

“अगं, अगं, कुठं निघालीस?”

“सरकारच म्हणाले न्हवं, फोन ठेव म्हणून? निघाले ठेवायला, माझ्या खोलीत. इथं ऱ्हायला तर सरकारांना उद्या पुन्हा बोरगड आठवायचं.” मग ती दिवाणजींकडे वळली. “आता तुम्हीच सांगा दिवाणजी, ज्या खोलीत सरकारांचा फोन, ती खोली रिकामी करायची कशी?”

राजेसाहेब आधी चिडणार होते, पण हसूच इतकं आलं, की त्यांना पुन्हा खुर्चीत बसावं लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, “खोली तुझी, कायमची! चाळीसही जणांचा रिचार्ज आजच्या आज भरा. आणि दिवाणजी, गॅरेजमागं वायर ओढायचीय. कोट काढा!”