दौलूने हात बुडवला तो रांजण

हा रांजण पाहिलात? कडुलिंबाखाली, निम्मा जमिनीत पुरलेला. मध्यंतर झालं की दोन्ही संघ इथे येतात आणि ओंजळ बुडवून पाणी पितात. पेला नाही, ओगराळं नाही, बाटली नाही. घामाचे, मातीचे हात सगळ्यांचे एकाच पाण्यात. तुमच्यातल्या एका बाईंनी आत्ता नाक मुरडलं, ते मी पाहिलं. मुरडा, पण आधी ऐका.

संस्थानी काळातली गोष्ट. आमच्या या करवंडीत दरबार कॉलेज निघून फार वर्षं झाली नव्हती आणि फुटबॉल तर त्याहून नवा. पोरं अनवाणी खेळायची. पण त्या एका साली त्यांचं असं काही जमलं की अख्ख्या मोसमात त्यांना कुणी हरवू शकलं नाही, असं सांगतात. शेजारच्या संस्थानांचे संघ आले, बुटांचा तोरा मिरवणारे मिशनवाले आले, सगळे मान खाली घालून परत गेले. कप्तान होता यशवंत इंगवले, जहागीरदाराघरचा. गोलात दौलू सातपुते, पेठेतल्या चांभाराचा मुलगा. त्याच्या हातून चेंडू सुटत नसे. चेंडूही त्याच्या बापानेच शिवलेला.

इथे माझं डोकं फिरतं. दौलूने हाताने फेकलेला चेंडू बाकीची पोरं छातीवर घ्यायची, डोक्यावर घ्यायची. ते चालायचं. तोच हात रांजणात मात्र चालायचा नाही. मध्यंतराला दहा जण ओगराळ्याने पाणी घ्यायचे आणि दौलू बाजूला ओंजळ धरून उभा राहायचा. मग कॉलेजचा शिपाई वरून धार सोडायचा. सगळा मोसम असा गेला आणि एकालाही काही खटकलं नाही. वाईट पोरं नव्हती ती. दौलूच्या खांद्यावर हात टाकून गावभर हिंडायची, म्हणे. मला त्याचाच जास्त राग येतो.

शेवटचा सामना ढालीसाठी, संस्थानच्या पलटणीशी. चैत्राचं ऊन. तंबूत दरबारी मंडळी बसलेली. मध्यंतरापर्यंत दौलूने इतके गोल वाचवले की पलटणीचे लोकच टाळ्या वाजवू लागले. मध्यंतर झालं, पण शिपाई जागेवर नव्हता. त्याला तंबूत सरबत वाटायला नेलं होतं. दहा जण पाणी पिऊन सावलीत जाऊन पडले. दौलू ओंजळ धरून उभा. ओगराळं तिथेच, रांजणाच्या काठाला अडकवलेलं. उचलून चार घोट ओतायला काय लागत होतं? पण दौलूला पाणी घालणं हे शिपायाचं काम, अशी त्या सगळ्यांची पक्की समजूत. त्याच्याकडे बघत बघत ते गप्पा मारत राहिले.

दौलूने बराच वेळ वाट पाहिली. मग दोन्ही हात कोपरापर्यंत रांजणात घातले आणि पोटभर पाणी प्याला.

तंबूत एकच गहजब उडाला. सामने भरवणारे चिटणीस धावत आले, मागोमाग कॉलेजचे प्रिन्सिपल. रांजण फोडा, या पोराला बाहेर काढा, तरच खेळ पुढे होईल, नाही तर ढाल पलटणीची. म्हणजे एवढ्या मोसमाची कमाई एका ओंजळीपायी मातीत जाणार होती.

"दौलू, जरा थांबायचं की रे," यशवंत म्हणाला.

"थांबलो की," दौलू म्हणाला. "सगळा मोसम थांबलो. तू बघत हुतास."

यशवंत उठला, ओगराळं काढून लांब भिरकावलं आणि दौलूच्या शेजारी उभा राहून हात बुडवून पाणी प्याला. मग चिटणीसांकडे वळून म्हणाला, "आता मलाही बाहेर काढा." एकेक करत बाकीचे उठले. जनार्दन अग्निहोत्री सगळ्यात शेवटी आला आणि डोळे मिटून प्याला, पण प्याला. पलटणीचा हवालदार खंडू जगदाळे हे सगळं पाहत होता. "फुकटची ढाल न्यायला आमी भिकारी न्हाई," म्हणाला आणि आपली माणसं घेऊन तोही रांजणावर आला.

त्या दिवशी रांजण काही केल्या आटला नाही, असा चमत्कार सांगतात. मला हे पटत नाही. कुणीतरी विहिरीवरून घागरी आणून ओतल्याच असणार. चमत्कार म्हटलं की माणसांचं नाव घ्यावं लागत नाही, एवढंच.

पंच शिट्टी खिशात घालून तंबूतल्या मंडळींबरोबर निघून गेला. उरलेला खेळ शिट्टीशिवाय झाला. कॉलेजने एक गोल केला, पलटणीला दौलूने एकही करू दिला नाही. आणि कॉलेजच्या हॉलमधला संगमरवरी फलक काय सांगतो? त्या सालापुढे लिहिलंय, 'उपविजेते'. जे कधी हरलेच नाहीत त्यांना दगडात कोरून हरवलं. दरवर्षी त्या फलकाला हारही घालतात.

दुसऱ्याच दिवशी दौलूचं नाव कॉलेजातून काढून टाकलं. तेव्हा बाकीच्या दहांनी या रांजणावर शपथ घेतली, की दौलू गोलात उभा राहील तेव्हाच आपण खेळू. दौलू परत आला नाही. कुणी म्हणतं मिरजेला रेल्वेत लागला, कुणी म्हणतं त्याहून लांब गेला. त्या दहांनी पुन्हा चेंडूला पाय लावला नाही आणि मैदानात गुरं चरत राहिली. संस्थान विलीन झाल्यावर नवी पोरं खेळायची परवानगी मागायला यशवंतकडे गेली. तोवर त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने परवानगी दिली, पण एक अट घालून.

ती अट आजही पाळतात. मध्यंतराला आधी गोलकीपर रांजणाशी जातो. त्याचं पिऊन होईपर्यंत कुणी पाण्याला हात लावायचा नाही, कितीही घसा कोरडा पडला तरी. आणि इथले गोलकीपर मुद्दाम सावकाश पितात. बाकीचे ओंजळ धरून उभे असतात, आणि 'लवकर आटप' असं कुणीही म्हणत नाही.